लघुलहरी रेडिओ आणि मोडेम : टॉवर पडल्यावर उरणारी वाट

नागपूर : नागपूर ते भामरागड हे सरळ रेषेतील अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर भरते. रस्त्याने ते याहून बरेच अधिक असून अखेरचा टप्पा जंगलातून जातो. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या तालुक्याच्या गावाचा संपर्क पावसाळ्यात तुटणे ही विदर्भासाठी नवी बातमी राहिलेली नाही. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडला वारंवार वेढले. अशा वेळी रस्त्यापाठोपाठ वीज जाते आणि विजेपाठोपाठ मोबाइलचे मनोरे मुके होतात. ‘इथे सर्व ठीक आहे’ किंवा ‘इथे औषध हवे आहे’ एवढा एका ओळीचा निरोप पोहोचवणेही मग जिकिरीचे होऊन बसते.

पोलीस आणि वन विभागाच्या हातातील बिनतारी संच साधारणतः अतिउच्च वारंवारतेवर, म्हणजे व्हीएचएफ पट्ट्यात चालतात. या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला किंवा पृथ्वीची वक्रता आड आली, की त्या संपल्या. अडीचशे किलोमीटर गाठायचे तर वाटेत उंच जागी अनेक पुनर्प्रेषक, अर्थात रिपीटर उभारावे लागतात आणि त्यांपैकी प्रत्येकाला वीज लागते. उपग्रह फोन हा दुसरा मार्ग. परंतु भारतात तो परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि प्रत्येक दुर्गम ठाण्यात तो असेलच असे नाही. तिसरा मार्ग सर्वांत जुना आहे. तीन ते तीस मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील लघुलहरींना मनोरा लागत नाही, उपग्रह लागत नाही, मध्ये कोणीही लागत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जवळजवळ मोडीत निघालेला हा मार्ग आज पुन्हा विचारात घेतला जात आहे, तो डिजिटल मोडेममुळे.

खडकी ते लंडन

लघुलहरींशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. २३ जुलै १९२७ रोजी तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते भारत आणि इंग्लंड यांच्यातील ‘बीम’ बिनतारी सेवेचे उद्‌घाटन झाले. तिचे प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकीला, तर ग्रहण केंद्र दौंडला होते. मुंबईच्या नभोवाणी केंद्राचा प्रारंभही त्याच दिवशीचा. १९३३ मध्ये याच लहरींवरून भारत-इंग्लंड दूरध्वनी सेवा सुरू झाली. समुद्राखालच्या तारांना लघुलहरींनी दिलेली ती पहिली मोठी स्पर्धा होती. १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे (वर्धा जिल्ह्यातील आर्वी नव्हे) उपग्रह भूकेंद्र सुरू झाले आणि परदेशी दूरध्वनीचा भार हळूहळू आकाशातील आरशावरून आकाशातील यंत्राकडे गेला.

आकाशातील आरसा हा शब्दप्रयोग अगदीच अलंकारिक नाही. पृथ्वीपासून साधारण तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेचे कण विद्युतभारित झालेले असतात. या थराला आयनांबर म्हणतात. त्याचे अस्तित्व १९०२ मध्ये केनेली आणि हेवीसाइड यांनी तर्काने मांडले. १९२४ मध्ये एडवर्ड ॲपलटन यांनी ते प्रयोगाने सिद्ध केले व त्याबद्दल त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. योग्य वारंवारतेची लहर या थरावर आदळली की ती वाकून पुन्हा जमिनीकडे येते. दूरच्या देशांशी बोलण्यासाठी ती क्षितिजाकडे तिरपी सोडतात. भामरागडसारख्या जवळच्या पण आडवळणी ठिकाणासाठी मात्र ती जवळजवळ सरळ वर सोडावी लागते. वर गेलेली लहर कारंज्याप्रमाणे चहूबाजूंनी खाली पडते आणि तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात डोंगर, दऱ्या, जंगल यांची पर्वा न करता पोहोचते. त्यासाठी उंच मनोरा लागत नाही, उलट नडतो. सात मेगाहर्ट्‌झसाठी सुमारे वीस मीटर लांबीची तार दोन झाडांमध्ये चार-पाच मीटर उंचीवर ताणली तरी काम भागते.

हे सर्व इतके सोपे असताना हा मार्ग मागे का पडला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर आरशाच्या स्वभावात आहे.

एकाच निरोपाचे दोन प्रतिध्वनी

हा आरसा सपाट नाही आणि स्थिरही नाही. नागपूरहून निघालेली लहर एकदा वर जाऊन भामरागडला उतरते, तेव्हा तिचा प्रवास साधारण ६५० किलोमीटरचा होतो. त्याच लहरीचा काही भाग वाटेत जमिनीवर आपटून दुसऱ्यांदा वर जातो व मग पोहोचतो. त्याचा प्रवास सव्वाबाराशे किलोमीटरच्या घरात जातो. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या या दोन प्रतींमध्ये जवळजवळ दोन सहस्रांश सेकंदांचे अंतर पडते. मानवी कानाला हा फरक फारसा जाणवत नाही. आवाज थोडा पोकळ, कधी बुडणारा, कधी उसळणारा वाटतो एवढेच. जुन्या श्रोत्यांना परदेशी केंद्रांच्या आवाजातली ती भरती-ओहोटी आठवत असेल.

यंत्राला मात्र हा फरक भारी पडतो. सेकंदाला २४०० चिन्हे पाठवणाऱ्या मोडेमचे एक चिन्ह अर्ध्या सहस्रांश सेकंदापेक्षाही कमी वेळ टिकते. दोन सहस्रांश सेकंद उशिरा आलेला प्रतिध्वनी म्हणजे चार-पाच चिन्हांची सरमिसळ. ‘पाणी’ या शब्दाच्या ‘णी’वर मागच्या शब्दाचा शेवट चढून बसावा, तशी ही अवस्था होते. शिवाय प्रतिध्वनीची ताकद सेकंदागणिक बदलते. दूरध्वनीच्या तारेवर उत्तम चालणारा मोडेम लघुलहरींवर बसवला तर तो निरुपयोगी ठरतो, तो यामुळे. जुन्या काळी यावर एकच तोडगा होता, तो म्हणजे सावकाश बोलणे. मोर्स संकेत आणि टेलिप्रिंटर सेकंदाला पन्नास-पाऊणशे चिन्हांपलीकडे जात नसत आणि चूक झाली तर ती चालक आपल्या अनुभवाने सावरत असे.

अभियंत्यांनी यावर दोन वेगळ्या वाटा शोधल्या. पहिली वाट सावकाशपणाच वाढवण्याची, पण अनेक तोंडांनी एकाच वेळी बोलण्याची. अमेरिकेतील कॉलिन्स कंपनीची ‘काइनेप्लेक्स’ ही यंत्रणा १९५० च्या दशकात या तत्त्वावर तयार झाली. पुढे रूढ झालेल्या ३९ स्वरांच्या मोडेममध्ये एकच वेगवान प्रवाह सोडण्याऐवजी ३९ मंद स्वर शेजारी शेजारी वाजतात. प्रत्येक स्वर सेकंदाला केवळ ४४ वेळा बदलतो. एक चिन्ह साडेबावीस सहस्रांश सेकंद टिकत असल्याने दोन सहस्रांश सेकंदांचा प्रतिध्वनी त्यात विरून जातो. हेच तत्त्व पुढे चक्रीय गणिताच्या आधारे विकसित होऊन आजच्या ४-जी मोबाइल, वाय-फाय आणि डिजिटल नभोवाणीत आले. आकाशवाणीने २००९ मध्ये दिल्लीजवळच्या खामपूर येथून लघुलहरींवर सुरू केलेले डीआरएम पद्धतीचे डिजिटल प्रसारण याच कुळातले. खिशातील मोबाइलच्या पूर्वजांत एक लघुलहरी मोडेम आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

दुसरी वाट अधिक धाडसाची होती. वेगाने एकाच स्वरात बोलायचे आणि ग्राहक यंत्रानेच प्रतिध्वनी वजा करायचा. यासाठी ग्राहकाला आकाश त्या क्षणी कसे आहे, हे माहीत असावे लागते. १९९१ च्या अमेरिकी लष्करी मानक १८८-११०ए मध्ये याची जी युक्ती आहे ती मुळातून पाहण्यासारखी आहे. २४०० बिट वेगाने संदेश जात असताना ३२ चिन्हे संदेशाची आणि त्यांच्यामागे १६ चिन्हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असलेली, अशी मालिका चालते. ठाऊक असलेली चिन्हे बिघडून आली, की ती कशी बिघडली यावरून आकाशाने केलेली मोडतोड मोजता येते आणि तीच मोजणी वापरून शेजारची अज्ञात चिन्हे दुरुस्त करता येतात. याचा अर्थ पाठवलेल्या चिन्हांपैकी एक तृतीयांश चिन्हे निरोप नेतच नाहीत, ती केवळ आकाशाची चौकशी करतात. वेग आणखी कमी केला तर हे प्रमाण निम्म्यावर जाते. कागदावर ही उधळपट्टी वाटते, प्रत्यक्षात तिच्याविना उरलेला दोन तृतीयांश निरोपही वाचता आला नसता. हे गणित सेकंदाला लाखो वेळा करणाऱ्या स्वस्त संकेत-प्रक्रिया चिप १९८० च्या दशकात बाजारात आल्या आणि तोवर प्रयोगशाळेत असलेली ही कल्पना छोट्या पेटीत मावली.

वीज कडाडते तेव्हा

प्रतिध्वनी हा एक शत्रू झाला. विदर्भाच्या दृष्टीने दुसरा शत्रू अधिक दखलपात्र आहे, कारण तो नेमका पुराच्या दिवसांत येतो. दूरवर कोसळणाऱ्या विजांची खरखर लघुलहरींच्या खालच्या भागात, म्हणजे जवळच्या अंतरासाठी लागणाऱ्या तीन ते आठ मेगाहर्ट्‌झमध्ये सर्वाधिक असते. ज्या रात्री निरोप जाण्याची गरज सर्वांत जास्त, त्याच रात्री पट्टा सर्वांत गोंगाटाचा. आवाजी संभाषण अशा रात्री संचाजवळ बसलेल्याची परीक्षा पाहते.

मोडेम येथे दोन उपाय योजतो. पहिला उपाय, निरोपाचे बिट क्रमाने न पाठवता विखरून पाठवणे. वरील मानकात हा विखुरण्याचा कालावधी ०.६ किंवा ४.८ सेकंदांचा आहे. विजेच्या एका कडाडण्याने सलग शंभर बिट नष्ट झाले, तरी मूळ क्रम लावल्यावर ती हानी ठिकठिकाणी एकेका बिटापुरती उरते आणि सोबत पाठवलेल्या जादा बिटांच्या मदतीने दुरुस्त होते. दुसरा उपाय, न समजलेला भाग पुन्हा मागणे. १९९० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतील दोन हौशी रेडिओ अभियंत्यांनी तयार केलेल्या ‘पॅक्टर’ पद्धतीत यात एक सुधारणा झाली. बिघडून आलेला तुकडा फेकून न देता तो जपून ठेवायचा आणि पुन्हा आलेल्या, कदाचित तितक्याच बिघडलेल्या प्रतीशी जुळवायचा. दोन अर्धवट प्रतींतून एक पूर्ण निरोप उभा राहतो. पुरवठा अधिकाऱ्याने मागितलेल्या सलाइनच्या बाटल्या ४० की १४०, याबाबत फोनवर होणारा घोटाळा येथे होत नाही. मोडेम निरोप एकतर अचूक देतो किंवा अजिबात देत नाही.

अनुभवी चालकाची जागाही यंत्राने बऱ्याच अंशी घेतली. दिवसा सात मेगाहर्ट्‌झ, रात्री साडेतीन, अशी निवड पूर्वी अनुभवाने होत असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्वयंचलित दुवा प्रस्थापना’ ही पद्धत मानक झाली. त्यात दोन्ही संच ठरलेल्या वारंवारता सतत चाचपून कोणती सध्या चांगली आहे याची नोंद ठेवतात आणि हाक येताच ती निवडतात. अर्थात वारंवारतांची यादी मुळात चुकीची असेल, तर यंत्र त्यातली कमी वाईट तेवढी शोधून देते.

मराठी निरोपाचे वजन

एका बाबीकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. या मोडेमचा वेग सांगताना इंग्रजी मजकूर गृहीत धरलेला असतो. संगणकावर रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजीच्या एका अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. पाचशे चिन्हांचा मराठी निरोप बारा हजार बिटांचा होतो. २४०० बिट वेगाने तो पाच सेकंदांत जाईल, ३०० वेगाने चाळीस सेकंदांत आणि आकाश अगदीच रुसले असताना ७५ वेगाने दोन मिनिटे चाळीस सेकंद लागतील. इंग्रजीला याच्या एक तृतीयांश वेळ पुरतो.

१९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारलेल्या ‘इस्की’ संकेतावलीत देवनागरीचे चिन्ह एका बाइटात बसत असे. युनिकोड आल्यावर ती मागे पडली आणि संगणकावर ते योग्यच झाले. लघुलहरींवर मात्र जुना हिशेब अजून खरा आहे. निरोप पाठवण्यापूर्वी तो संकुचित करणारे सॉफ्टवेअर वापरले तर ही तूट बरीच भरून निघते, आणि मराठीत काम करणाऱ्या यंत्रणेने ते वापरायलाच हवे. अन्यथा तलाठ्याने रोमन लिपीत मराठी लिहिण्याची पाळी येते.

हौशी रेडिओचालकांमध्ये, म्हणजे ‘हॅम’ मंडळींमध्ये सध्या सर्वाधिक लोकप्रिय असलेली ‘एफटी-८’ पद्धत येथे उपयोगाची नाही, हेही स्पष्ट केलेले बरे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर आणि स्टीव्हन फ्रँक यांनी २०१७ मध्ये ती आणली. गोंगाटाखाली पार बुडालेला संकेतही ती उपसून काढते. पण पंधरा सेकंदांच्या एका फेरीत मुक्त मजकूर जातो तो जेमतेम तेरा रोमन अक्षरांचा. संपर्क झाला, एवढे सिद्ध करायला ती उत्तम. औषधांची यादी तिच्यातून जाणार नाही.

तरीही हॅम मंडळींनी या क्षेत्राला दिलेली देणगी मोठी आहे. १९९८ मध्ये ब्रिटनचे पीटर मार्टिनेझ यांनी ‘पीएसके-३१’ ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यासाठी वेगळ्या पेटीची गरज नव्हती. संगणकाचे साउंड कार्ड हाच मोडेम झाला. लष्करी मोडेमच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च नगण्य होता. हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘बिटएक्स’ हा घरी जोडता येण्याजोगा लघुलहरी संच जगभर पोहोचला. जुना लॅपटॉप, असा संच, मोटारीची बॅटरी आणि वीस मीटर तार एवढ्यावर आज डिजिटल केंद्र उभे राहते. १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी या प्रत्येक वेळी हॅम चालकांनी तुटलेला संपर्क जोडला. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांचा चमू हौशी प्रसारणासाठी अंदमानातच होता आणि पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीकडे निरोप त्यांच्या संचावरून गेले. ते काम प्रामुख्याने आवाजावर झाले होते, नावे आणि आकडे एकेक करून उच्चारून.

नागपूरच्या डोक्यावरचे आकाश

परदेशी पुस्तिकांतील कोष्टके नागपुरात जशीच्या तशी लागू पडत नाहीत. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तामिळनाडूतील तिरुनेलवेलीजवळून जाते. त्याच्या वर तापलेले आयनांबर उचलले जाऊन दोन्ही बाजूंना ओसंडते आणि भारतात त्याची सर्वाधिक दाटी भोपाळ-अहमदाबादच्या पट्ट्यात होते. नागपूर या दाटीच्या किंचित दक्षिणेला आहे. दिवसा याचा लाभ होतो. आरसा जाड असल्याने वरच्या वारंवारताही परत येतात, जेथे विजांची खरखर कमी असते. सूर्यास्तानंतर मात्र, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, या थरात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या उठतात व आरसा तडकल्यासारखा होतो. तेव्हा प्रतिध्वनी इतक्या झपाट्याने बदलतात की मोडेमची ती ‘ठाऊक चिन्हे’ही अपुरी पडतात. अशा वेळी वेग उतरवणे, नाहीतर दोन-तीन तास थांबणे एवढेच हाती राहते. युरोपातील थंड रात्रींच्या नोंदींवर बेतलेला मोडेम येथे संध्याकाळी सात वाजता का अडखळतो, याचे हे कारण आहे.

लष्करी तंत्रज्ञान दरम्यान पुष्कळ पुढे गेले आहे. २००० च्या सुधारित मानकाने त्याच तीन किलोहर्ट्‌झ रुंदीच्या वाटेवरून ९६०० बिट वेग आणला. २०११ मध्ये वाट २४ किलोहर्ट्‌झपर्यंत रुंद करण्याची मुभा मिळाली, तर २०१७ च्या आवृत्तीत ४८ किलोहर्ट्‌झ रुंदी आणि सेकंदाला दोन लाख चाळीस हजार बिट असा आकडा आला. छायाचित्रे, अगदी अंधुक चलच्चित्रेही यातून जाऊ शकतात. परंतु एवढी रुंद आणि मोकळी वाट रात्रीच्या गर्दीच्या पट्ट्यात क्वचित मिळते. आणि एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर यांनी शहरांत स्वतःचा वेगळाच गोंगाट निर्माण केला आहे. नागपूरच्या दाट वस्तीतील कार्यालयाच्या गच्चीवर लावलेली तार भामरागडच्या क्षीण संकेतापेक्षा शेजारच्या इमारतीतला इन्व्हर्टर अधिक ऐकेल. ग्रहण केंद्र शहराबाहेर हवे, ही खडकीला प्रेषण आणि दौंडला ग्रहण ठेवणाऱ्यांची १९२७ सालची समज आजही तितकीच लागू आहे.

आपत्ती प्रशिक्षणाची नागपूरला दीर्घ परंपरा आहे. १९५७ मध्ये येथे केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था सुरू झाली, १९६८ मध्ये ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली आणि पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झाली. रेडिओच्या ताकदीशीही या शहराचा परिचय आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी १५६६ किलोहर्ट्‌झ या मध्यम लहरीवरील दहा लाख वॉटचे प्रेषण नागपूरहून होत असे; ती वाहिनी २०१९ च्या आरंभी बंद करण्यात आली. भामरागडला एका पानाचा निरोप नेण्यासाठी लागतात ते वीस वॉट, त्या प्रेषकाच्या पन्नास हजारांश. अडचण विजेची नाही, सवयीची आहे. पूर आल्यावर पेटीतून काढलेला संच सहसा चालत नाही. बॅटरी उतरलेली असते, तार कोणीतरी कपडे वाळत घालायला नेलेली असते आणि मोडेमचे सॉफ्टवेअर ज्याला येत होते त्याची बदली झालेली असते. दररोज ठरलेल्या वेळी, सकाळी एकदा व सूर्यास्तानंतर एकदा, चार ओळींचा निरोप पाठवून पोच घेणारी केंद्रेच आणीबाणीत उभी राहतात.

त्यातच सूर्याचे अकरा वर्षांचे चक्र उताराला लागले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या पंचविसाव्या सौरचक्राचा कळस २०२४ मध्ये येऊन गेला. येत्या काही वर्षांत आयनांबर विरळ होत जाईल आणि रात्री सरळ वर सोडलेली साडेतीन मेगाहर्ट्‌झची लहरही काही वेळा परत न येता अवकाशात निघून जाईल. २०२४ च्या नोंदींवरून ठरवलेल्या वारंवारतांच्या याद्या त्यामुळे दर पावसाळ्यापूर्वी पुन्हा तपासाव्या लागतील, आणि रात्रीसाठी दोन ते तीन मेगाहर्ट्‌झच्या दरम्यान एखादी परवानाप्राप्त वारंवारता हाताशी ठेवावी लागेल. तेवढ्या खालच्या लहरीसाठी तार वीस मीटरची पुरणार नाही, पन्नास ते सत्तर मीटरची लागेल.